खुशालरावांनी टोकनं पलीकडे नेली, त्याची हकिकत

प्राजक्तानं फोनवर तीनदा बजावलं होतं, "बाबा, तुमी काहीच करू नका."

आता ज्या माणसानं चौतीस वर्षं तहसील कचेरीत आवक-जावक सांभाळली, त्याला पोटच्या पोरीनं 'काहीच करू नका' म्हणावं, आणि तेही तीनदा, याचा परिणाम काय होणार हे तिला कळायला हवं होतं. पहिल्यांदा खुशालराव 'बरं' म्हणाले. दुसऱ्यांदा 'बरं बरं' म्हणाले. तिसऱ्यांदा ते काहीच बोलले नाहीत, तेव्हा आशाबाईंनी दुखरा गुडघा धरत स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. नवरा गप्प झाला की पुढे काहीतरी निस्तरावं लागतं, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा अनुभव होता.

प्रकरण साधं होतं. प्राजक्ता अकोल्याला शेतकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं शेतकी शिकावी ही खुशालरावांची इच्छा आणि चित्रं काढावी ही तिची, म्हणून दिवसा शेतकी आणि संध्याकाळी चित्रं असा तोडगा निघाला होता. परदेशातली कोणती तरी मोबाइलवरच्या खेळांची कंपनी होती. त्या खेळांतल्या बाहुल्यांची शिरस्त्राणं आणि चपला प्राजक्ता काढून द्यायची आणि कंपनी तिला टोकनं द्यायची. टोकन म्हटल्यावर खुशालरावांना बँकेतला पितळी बिल्ला आठवला. पण तिनं समजावलं, की एक टोकन म्हणजे एक डॉलरच समजा, फक्त तो फोनमधल्या पाकिटात राहतो. दोन वर्षांत अशी एकोणीसशे टोकनं साठली होती, म्हणजे दीड लाखाच्या वर. त्यावर तिला हैदराबादला चित्रांच्या कोर्सला जायचं होतं. यादीत नाव लागलं होतं आणि फी भरायची शेवटची तारीख सोमवार होती.

चार वर्षांपूर्वी तिनं हेच पहिल्यांदा विचारलं, तेव्हा खुशालराव म्हणाले होते, "चित्रं काढून पोट भरते काय?" त्यानंतर तिनं त्यांच्याकडे या कामासाठी काही मागितलं नाही. ते वाक्य पुढे खुशालरावांनाच फार टोचलं, पण एकदा जावक झालेला कागद परत मागवता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

मागितली होती ती एकच गोष्ट. फोन हरवला तर ते पाकीट दुसऱ्या फोनवर उघडायला बारा इंग्रजी शब्द लागतात, ओळीनं. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचं पाकीट. ते तिनं एका कागदावर लिहून वडिलांच्या हातात दिले आणि म्हणाली, "बाबा, हे तुमच्याजवळ ठेवा. तुमच्याजवळून कागद हरवत नाही."

हे वाक्य खुशालरावांनी परतवाड्याच्या एका लग्नात सहा जणांना सांगितलं. कागदाला प्लास्टिकचं पाकीट मिळालं, फाइल मिळाली, फाइलला क्रमांक मिळाला आणि ती लोखंडी कपाटात घरटॅक्सच्या पावत्यांशेजारी विराजमान झाली. पोरीला आपलं एवढं तरी काम पडतं, याचा त्यांना मनातून फार आनंद होता.

बुधवारी प्राजक्ताचा फोन हॉस्टेलच्या पाण्याच्या ड्रममध्ये पडला. तिनं खोलीतल्या प्रतीक्षाच्या फोनवरून कळवलं, की शुक्रवारी शेवटचा पेपर आहे, शनिवारी मी येतो (वऱ्हाडातल्या पोरीही 'येतो'च म्हणतात), तुमच्या फोनवर पाकीट उघडतो आणि टोकनं विकून सोमवारी फी भरतो. शब्द फोनवर सांगायचे नाहीत, फोटो पाठवायचा नाही, कोणाला दाखवायचे नाहीत. खुशालरावांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं पुढचंही सांगितलं. टोकनं आहेत एका नेटवर्कवर, ते जुनं आणि महागडं. टोकनांचे रुपये करून देणारा घेतो दुसऱ्या नेटवर्कवरची, ते नवं आणि स्वस्त. एकावरून दुसऱ्यावर न्यायला ब्रिज असतो. नेण्याचा खर्च टोकनांतून कापत नाहीत, त्याला त्या नेटवर्कचं वेगळं नाणं लागतं. त्याला गॅस म्हणतात. "गॅस मोजकाच आहे पाकिटात," ती म्हणाली, "म्हणून तुमी काहीच करू नका."

खुशालरावांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि मग विचारात पडले. शनिवार म्हणजे सुट्टी. रविवार म्हणजे सुट्टीच. सोमवारी लिंक नसते, वीज नसते आणि दोन्ही असली तर साहेब नसतात. चौतीस वर्षांत शेवटच्या दिवशी आलेला एकही कागद त्यांनी सुखानं मार्गी लागलेला पाहिला नव्हता. तेव्हा हे काम आधीच करून ठेवणं हे कर्तव्यच आहे आणि यात रागाचा किंवा मानापमानाचा काही संबंध नाही, असं त्यांनी स्वतःला दोन-तीनदा समजावलं.

गुरुवारी सकाळी देवीदास आला. हा शेजारच्या घरचा. एस.टी.मध्ये वाहतूक नियंत्रक होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत आलेल्या कोणत्याही वाहनाला तो मागे घ्यायला लावायचा.

"मले नोका सांगू क्रिप्टो," तो खुर्ची ओढत म्हणाला. "माये चाळीस हजार बुडेल हायत त्याच्यात."

आपल्याकडे ज्याचे ज्या गोष्टीत बुडाले, तो त्या गोष्टीतला तज्ज्ञ. खुशालरावांनी लगेच कपाट उघडलं. देवीदासाला भिंतीकडे तोंड करून बसवलं, कारण शब्द कोणाला दाखवायचे नव्हते, आणि बारा शब्द एकेक करून फोनमध्ये घातले. पाकीट उघडलं. एकोणीसशे टोकनं. देवीदासानं वळून पाहिलं आणि आकड्यातली शून्यं बोटानं मोजली. पोरीनं चपला काढून काढून एवढे मिळवले, हे दोघांनाही पहिल्यांदाच खरं वाटलं.

ब्रिजचं पान सापडलं. कुठून, कुठे आणि किती, एवढंच ते विचारत होतं. खुशालराव 'किती'मध्ये एकोणीसशे लिहिणार, एवढ्यात देवीदासानं त्यांचा हात धरला.

"खुशालभाऊ, एकदम? पयले एक टाकून पाहा ना."

हे बाकी खरं होतं. फोनवरून पैसे जायला लागल्यापासून अमरावतीत कोणी सरळ पैसे पाठवलेले नाहीत. नळवाल्याला सत्तर रुपये द्यायचे तरी आधी एक रुपया जातो. मग 'आला काय?', मग 'आला', मग उरलेले एकोणसत्तर. खुद्द खुशालरावांनी भाच्याच्या लग्नात आहेराआधी नवरदेवाला मांडवात एक रुपया टाकून पाहिला होता आणि मंगलाष्टकं चालू असताना त्यानं मान हलवून पोच दिली होती. तेव्हा त्यांनी 'किती'मध्ये एक लिहिलं. खाली बारीक अक्षरात इंग्रजी ओळ होती. खुशालराव चष्मा पुसून ती वाचायला लागले, पण देवीदास म्हणाला, "खालचं बारीक काई नसते, ते कंपनीवाले आपल्या समाधानासाठी लिवते."

त्या ओळीत लिहिलं होतं, की दहा टोकनांपेक्षा कमी पाठवू नये.

एक टोकन पाठवायला चारशे रुपयांचा गॅस लागला. खुशालरावांनी चारशे वहीत लिहून त्याखाली रेघ मारली. देवीदास म्हणाला, पहिल्या वेळी रजिस्ट्रेशन असतं, पुढच्या वेळी लागणार नाही. मग पडद्यावर व्यवहाराचा क्रमांक उमटला. अक्षरं आणि आकडे मिळून सहासष्ट. एवढा मोठा जावक क्रमांक खुशालरावांनी हयातीत पाहिला नव्हता. त्यांच्या मनात त्या ब्रिजबद्दल एकदम आदर उत्पन्न झाला. त्यांनी तो वहीत उतरवायला घेतला, दोनदा चुकले आणि तिसऱ्यांदा आशाबाईंकडून वाचून घेतला.

अर्धा तास झाला. टोकन इकडून गेलं होतं आणि तिकडे पोचलं नव्हतं.

"मंग हाय कुठी?" आशाबाईंनी विचारलं.

"मधात हाय."

"मधात म्हंजे कुठी?"

"बडनेऱ्याले थांबलं असन," देवीदास म्हणाला. अमरावतीहून निघालेली कोणतीही वस्तू अडकली तर ती बडनेऱ्यालाच अडकते, अशी त्याची सेवाकाळापासूनची श्रद्धा होती. "आता दोन टाका. दोघं असले म्हंजे एकमेकाले ओढत नेतेत."

दोन टाकली. चारशे रुपये पुन्हा लागले. दोनही अडकली. मग पाच टाकली, कारण पाच हा आकडा बरा असतो. तीही अडकली. खुशालरावांच्या वहीत सहासष्ट अक्षरांचे तीन क्रमांक झाले आणि बोटं दुखायला लागली.

एवढ्यात दाराशी गोदाबाईची भाजीची गाडी आली. गोदाबाई माळ्याची, तिचा स्वतःचा मळा होता. सबंध गल्लीची सुखदुःखं ती मेथीसोबत तोलून घ्यायची. आशाबाईंनी तिला काय झालं ते सांगितलं, म्हणजे त्यांना समजलं होतं तेवढं सांगितलं.

"असं कोणी एक, दोन, पाच देते काय, बाप्पा?" गोदाबाई म्हणाली. "अकरा द्या. शकुनाचे अकराच असते."

खुशालराव हसले. पण दुसरा इलाज सुचत नव्हता म्हणून त्यांनी अकरा टाकली. आणि बारा मिनिटांत अकराच्या अकरा टोकनं पलीकडे पोचली. देवीदासानं गुडघ्यावर थाप मारली, गोदाबाईला चहा मिळाला, तिनं कोथिंबिरीची जुडी तशीच दिली. अकरा हे दहापेक्षा जास्त असतात, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. तिथे शकुनाचा विजय झाला होता.

आता उरलेली अठराशे एक्क्याऐंशी. खुशालरावांनी देवासमोर दिवा आहे की नाही पाहिलं, आकडा लिहिला, बटण दाबलं. लाल अक्षरं आली. गॅस पुरेसा नाही.

चार चाचण्यांनी मोजका गॅस पिऊन टाकला होता.

"भरून घ्या," देवीदास म्हणाला. पण गॅसचं नाणं विकत घ्यायला आपल्या नावाचं खातं लागतं. खात्याला पॅन लागतं, आधार लागतं आणि कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे-उजवीकडे फिरवून दाखवावी लागते. खुशालरावांनी मान इतकी फिरवली, की मानेला उसण भरली. शेवटी फोननं कळवलं, की तुमचा चेहरा आधारवरच्या चेहऱ्याशी जुळत नाही. त्यात फोनचा तरी काय दोष, तो फोटो पाहून आशाबाईंनीही एकदा 'हे कोण?' असं विचारलं होतं. तपासणीला तीन कामाचे दिवस लागणार होते. गुरुवार धरून मोजलं तरी सोमवारचा दिवस मावळणार होता.

इथे ते थांबले असते तरी काही बिघडलं नसतं. गॅस संपला होता, आठ टोकनं अधांतरी होती, बाकी सगळं जागच्या जागी होतं. प्राजक्ताचं स्वतःचं खातं होतं. ती शनिवारी आली असती, गॅस घेतला असता, थोडं बडबडली असती आणि काम झालं असतं. आशाबाईंनी नेमकं तेच सांगितलं.

"अवो, पोरीले फोन लावा."

"तिचा उद्या पेपर हाय," खुशालराव गंभीर होऊन म्हणाले. "तिले तरास द्याचा नाई."

बापाची माया म्हणून हे वाक्य उत्तम होतं. खरी गोष्ट अशी, की 'काहीच करू नका' म्हणणाऱ्या पोरीला 'केलं आणि फसलं' हे सांगायची त्यांची छाती होत नव्हती. त्यांना शनिवारी तिच्यापुढे वही ठेवून म्हणायचं होतं, की हे घे, झालं तुझं काम. ते वाक्य त्यांनी सकाळपासून दोन-तीन प्रकारे मनात म्हणूनही पाहिलं होतं.

दुपारच्या चहाला देवीदासानं ब्रिजवाल्यांच्या मदतीचा एक ग्रुप शोधून काढला. खुशालरावांनी तिथे आपली अडचण मुद्देसूद लिहिली. विषय, संदर्भ, चारही क्रमांक आणि शेवटी 'कृपया त्वरित कार्यवाही व्हावी'. एका मिनिटात उत्तर आलं. मराठीत. 'आदरणीय महोदय, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

खुशालरावांनी ते दोनदा वाचलं. आपल्या सबंध नोकरीत त्यांनी कोणालाही एका मिनिटात उत्तर दिलं नव्हतं आणि दिलगीर तर आठवड्यातही झाले नव्हते. उत्तराखाली मदत अधिकारी असं पद होतं, निळा शिक्का होता आणि एक फॉर्म होता.

फॉर्म पाहिल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. इतका वेळ चाललं होतं ते नेटवर्क, गॅस असलं काहीतरी होतं, फॉर्म मात्र आपला होता. नाव, पत्ता, मोबाइल. अडकलेल्या व्यवहारांचे क्रमांक. तेही त्यांच्याकडे होते, इतर कोणाकडे असते? त्यांनी ते अभिमानानं भरले. आणि त्याखाली बारा चौकटी होत्या. प्रत्येकीत पाकिटाचा एकेक शब्द, ओळीनं.

त्यांचं बोट थांबलं. प्राजक्तानं सांगितलं होतं, शब्द कोणाला दाखवायचे नाहीत.

पण चौकटींवर तांबडी चांदणी होती, म्हणजे भरणं बंधनकारक. रिकामी चौकट हा खुशालरावांचा जन्माचा वैरी होता. खिडकीवर आलेला माणूस पार लांब चिखलदऱ्याहून आलेला असो की धारणीहून, एक चौकट कोरी दिसली की ते अर्ज परत करायचे. लागू नसेल तर 'लागू नाही' असं लिहा, पण कोरी ठेवू नका. एका म्हाताऱ्याला त्यांनी असं तीनदा परत पाठवलं होतं, नियम म्हणून. आता आपणच चौकटी कोऱ्या ठेवून अर्ज कसा पाठवायचा?

शिवाय त्यांनी बारकाईनं विचार केला. प्राजक्ता म्हणाली होती, 'कोणाला' दाखवायचे नाहीत. कोणाला म्हणजे माणसाला. देवीदासाला, गोदाबाईला, चुलत्याला. कचेरी म्हणजे कोणी नव्हे. कचेरीपासून कागद लपवायचा असतो, असं त्यांनी कुठल्याही परिपत्रकात वाचलं नव्हतं. त्यांनी देवीदासाला पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसवलं, फाइल काढली आणि बाराही चौकटी भरल्या. एकेक अक्षर कागदाशी ताडून पाहिलं. सातव्या शब्दात एक चूक होती, ती दुरुस्त केली. मग पाठवलं आणि खाली लिहिलं, 'पोच द्यावी'.

पोच आली. क्रमांकासकट.

"पाह्य," ते आशाबाईंना म्हणाले, "याले म्हणते ऑफिस."

चहा संपेपर्यंत अठराशे एक्क्याऐंशी टोकनं पाकिटातून निघाली होती. खुशालराव खूश झाले, कार्यवाही झाली. त्यांनी पलीकडच्या नेटवर्कवर पाहिलं. तिथे शून्य होतं. मघाची अकराही नव्हती.

"मधात असन," देवीदास म्हणाला, पण त्याचा आवाज बसला होता.

मधात नव्हती. ज्यानं नेली त्यानं गॅस स्वतःच्या खिशातून भरला होता आणि कोणतीही चाचणी न घेता सगळी एकदम नेली होती. खुशालरावांनी ग्रुपवर लिहायला घेतलं, 'महोदय, आपल्या पोचपावतीस अनुसरून'. पण त्यांना ग्रुपमधून काढून टाकलेलं होतं. देवीदास पाणी पिऊन येतो म्हणून गेला. संध्याकाळी त्याच्या चपला त्याच्या घराच्या दाराशी होत्या आणि दार बंद होतं.

मग तक्रार. घरबसल्या तक्रार करायचा फॉर्म होता. आरोपीचं नाव, आरोपीचा पत्ता, आरोपीच्या बँक खात्याचा क्रमांक, सगळ्यांवर तांबडी चांदणी. खुशालरावांनी प्रत्येक चौकटीत 'माहीत नाही' लिहिलं. फॉर्म म्हणाला, इथे फक्त आकडे लिहा. चार वेळा त्यांचा अर्ज परत आला. पाचव्या वेळी त्यांना उगाचच तो म्हातारा आठवला, आणि त्यांनी फोन उपडा ठेवून रिक्षा केली.

ठाण्यात भगवंत नावाचा हवालदार होता, भला माणूस. त्यानं खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

"काका, शब्द कोनं देल्ले?"

"म्या."

"धमकावलं काय तुमाले?"

"नाई. आदरणीय म्हणे."

भगवंतानं पेन खाली ठेवलं. "मी लिवून घेतो, वर पाठवतो. पन तुमाले खोटं नाई सांगत काका, हे बाहेरदेशी गेलं. याचं काई येत नाई."

त्यानं तक्रारीची पोच दिली. खुशालरावांनी ती न वाचताच खिशात घातली. असं आयुष्यात प्रथमच घडलं.

घरी आशाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी भाकरी टाकली, वाढली आणि समोर बसल्या. "फोनवर नोका सांगू," त्या म्हणाल्या. "उद्या अकोल्याले जा, पेपर होऊ द्या, आन् तोंडानं सांगा. आन् ते गुडघ्याच्या आपरेशनची एफडी हाय ना, ते मोडून टाका. माया गुडघा काई पळून नाई जात."

खुशालरावांनी ताटावरून उठून कपाट उघडलं. कपाटातून कागद हरवला नव्हता, अजून जागच्या जागी होता, प्लास्टिकच्या पाकिटात, क्रमांकासकट. फक्त आता त्याचा काही उपयोग नव्हता.

शुक्रवारी ते अकोल्याच्या गाडीत बसले. 'तोंडानं सांगा' हे आशाबाईंना म्हणायला सोपं होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी तोंडानं सांगायचे सात प्रकार करून पाहिले, एकही जमेना. मग त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि जे येत होतं ते केलं, खुलासा लिहिला. प्रति, कु. प्राजक्ता. विषय, टोकनांबाबत. गाडी उसळत होती, अक्षर वाकडं येत होतं, पण मजकूर चोख होता. घटनाक्रम वेळांसह दिला. देवीदासाचं नाव घालावं असं दोनदा मनात आलं, पण घातलं नाही. शेवटी लिहिलं, 'सदर चूक अनवधानाने घडली असून त्याबद्दल खाली सही करणार दिलगीर आहे.' आणि खाली सही केली.

परीक्षा पाच वाजता सुटली. प्राजक्ता प्रतीक्षासोबत हसत बाहेर आली. वडील दिसले तशी ती घाबरली.

"बाबा? आई बरी हाय ना?"

"बरी हाय," खुशालराव म्हणाले आणि कागद पुढे केला.

तिनं तो उभ्यानं वाचला. पहिल्यांदा गंमत वाटून, मग नुसताच. प्रतीक्षा काही न सांगता बाजूला झाली. वाचून झाल्यावर तिनं पुन्हा वरपासून वाचला. खुशालराव तिच्या चेहऱ्याकडे न पाहता तिच्या चपलांकडे पाहत होते. ती रडेल, ओरडेल, असं त्यांना वाटत होतं आणि त्याची त्यांनी गाडीत तयारीही केली होती.

"पेन द्या," ती म्हणाली.

त्यांनी खिशातलं पेन दिलं. तिनं कागद तळहातावर धरून 'अनवधानाने' हा शब्द खोडला.

"हे खोटं हाय, बाबा. बाकी सगळं बरोबर हाय."

चौतीस वर्षांत त्यांच्या मसुद्यात कोणी शब्द खोडला नव्हता. खुशालरावांनी पेन परत घेतलं. "मले वाटलं," ते म्हणाले, "एक काम तरी तुयं माया हातून व्हावं. तवा मी नाई म्हटलं होतं. ते मले लय लागून रायलं, प्राजू."

"मंग हे लिवाचं होतं," ती म्हणाली.

त्यांनी एफडीचं सांगितलं, सोमवारी सकाळी मोडतो, बारापर्यंत भरतो. तिनं मान हलवली. आईच्या गुडघ्यावर चालत मला हैदराबादला जायचं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा यादी लागेल, तोवर आणखी चपला काढतो, असं ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. डोळे भरले होते, पण ते तिनं ओढणीनं असे पुसले, की जणू धूळ गेली. खुशालरावांना वाटलं, हिनं एकदा आपल्याला झोडपून काढलं असतं तर फार बरं झालं असतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "मंग आता नवीन पाकीट उघडशीन, तर त्याचा कागद..."

"त्याचे शब्द मी पाठ करून ठेवतो," प्राजक्ता म्हणाली.

तिनं त्यांना आलूबोंडा खाऊ घातला, चहा पाजला आणि स्टँडवर घेऊन आली. अमरावतीची गाडी लागली होती. खुशालरावांना खिडकीजवळ बसवून तिनं पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, पाण्याची बाटली दिली आणि खाली उतरून कंडक्टरला गाठलं. खुशालरावांना काचेतून ऐकू येत होतं.

"दादा, माये बाबा हायत. अमरावती आली म्हंजे त्याहिले सांगजा जरा, उतराचं हाय म्हून."

कंडक्टरनं खिडकीत बसलेल्या खुशालरावांकडे पाहिलं आणि मान डोलावली. ती गाडी अमरावतीच्या पुढे कुठेच जात नव्हती.